पंधराशे रुपये आणि फरदडीचा कापूस

प्रस्तावना

'मजूर भेटत नाही' हे वाक्य अकोला जिल्ह्यात बाजार समितीच्या आवारापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही कानावर पडतं, आणि त्याच्या पाठोपाठ कारणही ठरलेलं असतं. आधी ते रोजगार हमी होतं, मग दोन रुपये किलोचा गहू झाला, आणि 2024 च्या ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' झालं. सरकार घरबसल्या पैसे देतं, मग वावरात कोण येईल? हे विचारणारा कास्तकार खोटं बोलत नसतो. पऱ्हाटी पांढरी झालेली असते, ढग आलेले असतात आणि वेचायला खरोखरच बाया मिळत नसतात. पण अडचण त्याची स्वतःची असली तरी कारण त्याला आयतं मिळालेलं असतं. या पुस्तकात त्या आयत्या कारणाची झाडाझडती आहे.

ती अकोल्याच्या जुन्या शहरात बसून घेतली, हे मला विशेष वाटतं. शेतमजुरीवर लिहायचं तर माणूस खेड्यात जातो. पण मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या बुरुजांपासून राजराजेश्वराच्या देवळापर्यंत आणि पुढं हरिहर पेठ, डाबकी रोडपर्यंत जी वस्ती पसरली आहे, तिथली मजुरी एका साच्यात बसत नाही. एकाच घरात सासू वावरात जाते, सून नदीपलीकडच्या कॉलन्यांत धुणीभांडी करते, मुलगा दालमिलमध्ये पोती वाहतो आणि धाकटा अभ्यासिकेत बसतो. सावतराम मिलचा भोंगा ऐकून वाढलेली पिढी आता आजोबा झाली. मिल गेली आणि पगारपत्रकावरची नोकरी या वस्तीतून जवळजवळ उठलीच. उरली ती रोजाची, किलोची, नगाची कामं. हंगामात दिवस उजाडायच्या आत मालवाहू अ‍ॅपे आणि मॅजिक गाड्या उभ्या राहतात, मुकादमीण आपली टोळी मोजते आणि शहरातल्या बाया खेड्यातल्या कापसाकडे निघतात. खेड्याच्या दप्तरात त्या शेतमजूर नाहीत, शहराच्या दप्तरात कामगार नाहीत. ग्रामीण रोजगार हमी त्यांच्यासाठी नाही, कारण त्या महापालिकेच्या हद्दीत राहतात. 2016 साली हद्द वाढली आणि शिवणी, खडकी, उमरी, मलकापूर ही गावं शहरात आली, तेव्हा तिथल्या मजुरांचं काम मागायचं हक्काचं कार्डही गेलं. घरपट्टीविरुद्ध मोर्चे निघाले. त्या कार्डासाठी कोणी ओरडल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ प्रश्नाचा हिशेब मांडू. 'लाडकी बहीण'चे महिन्याला 1,500 रुपये म्हणजे दिवसाला 50. कापूस वेचणीचा दर किलोला 10 रुपये धरला, तर रोजचा 5 किलो कापूस. पहिल्या वेचणीत, सीतादहीची पूजा झाल्यावर बोंडं टच्च फुटलेली असतात, तेव्हा सराईत बाई दिवसाला 40 किलोपर्यंत जाते. म्हणजे महिन्याचे पंधराशे ही तिची जेमतेम चार दिवसांची कमाई. चार दिवसांच्या पैशावर कुणी सव्वीस दिवस घरी बसत नाही. या पुस्तकातल्या एका बाईनं ते एका वाक्यात उडवून लावलं आहे: "पंधराशात काय होते भाऊ? पोराच्या ट्यूशनचेच आठशे जाते."

पण ती चार दिवस घरी बसू शकते. आणि चारच दिवस बसायचं असेल, तर कोणते, हे ती ठरवते. पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटला. वेचणीचा दर किलोवर असतो, पण कापूस साऱ्या हंगामभर सारखा नसतो. पहिल्या-दुसऱ्या वेचणीत हात भरभर चालतो. तिसऱ्या-चौथ्या वेचणीत बोंड इथं एक, तिथं एक. फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेल्या कापसात, त्याहून वाईट. ओळ तेवढीच चालायची, काटे तेवढेच बोचायचे आणि सांजेला काट्यावर भरायचे 15 किलो. त्याच दरानं बाईच्या हाती दीडशे रुपये पडतात, त्यात गाडीभाडं आलं. अशा वेळी ती म्हणते, "नाही येत." पूर्वी तीच बाई तोच कापूस त्याच दरानं वेचायची, कारण डाळ-तेल आणायला दुसरा मार्गच नव्हता. कास्तकाराला जे 'मजूर भेटत नाही' असं दिसतं ते बहुधा या शेवटच्या वेचण्यांत. पहिल्या वेचणीला टोळ्या येतात; दर जिथं चांगला तिथं आधी येतात, एवढाच फरक.

त्यात आणखी बारकावे आहेत. पहाटेच्या दहिवरात कापूस ओला असतो, वजनाला भरतो. म्हणून बाया लवकर सुरू करायला बघतात आणि कास्तकार ऊन चढायची वाट बघतो, कारण ओला कापूस पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. किलोच्या दरानं कामाला वेग येतो पण कचरा, पालापाचोळाही येतो; रोजानं लावलं तर कापूस स्वच्छ येतो पण ओळ सरकत नाही. मजुरी कशी द्यायची यावर माणूस कसं काम करतो हे अवलंबून असतं, हा अर्थशास्त्राचा धडा इथल्या धुऱ्यावर प्रत्येकाला पाठ आहे.

कास्तकाराची बाजू पुस्तकानं झाकलेली नाही, याबद्दल संकलकांना दाद द्यायला हवी. मजुरांबद्दल लिहिताना शेतमालकाला खलनायक करून टाकायची सोय असते. वऱ्हाडात ती लागू पडत नाही. इथला पाच एकरांचा कोरडवाहू मालक स्वतःही कर्जात असतो. 2024-25 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता, पुढच्या वर्षी 8,110 झाला. बाजारात त्याच्या खाली विकावा लागला, असे दिवस कमी नव्हते. किलोला 10 रुपये म्हणजे क्विंटलला हजार. बियाणं, खत, फवारणी यांच्या आधी उत्पन्नाचा सातवा-आठवा हिस्सा नुसत्या वेचणीत जातो. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं, तेव्हा त्याच्या हातातली उरलीसुरली सौदाशक्तीही गेली. मजुरीचा दर तो वाढवू शकत नाही हे खरं. पण त्याचा भाव जिथं ठरतो तिथं त्याचं काही चालत नाही आणि वेचणारीच्या दारात तो जरा तरी बोलू शकतो, म्हणून राग तिच्यावर निघतो.

सरकारी मदतीनं मजूर शेत सोडतो का, हा वाद नवा नाही, आणि महाराष्ट्रात तर तो फार जुना आहे. 1877 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. जास्त दिलं तर लोक आपली शेतं सोडून सरकारी कामांवर येऊन बसतील, ही भीती. मुंबई इलाख्यातले मजूर मात्र काम सोडून उठले. उपाशी माणसं संपावर जातात हे साहेबांच्या हिशेबात बसेना. सार्वजनिक काका आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या मागं उभी राहिली. नंतर दुष्काळ संहिता झाल्या, पण धोरणाचा गाभा तोच राहिला: मदतीचं काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी कमी ठेवायची, की ज्याला दुसरा काहीच मार्ग नाही तोच येईल. वऱ्हाडानं तो गाभा 1899-1900 च्या, 'छप्पन्नच्या' दुष्काळात अंगावर घेतला. कापसाच्या निर्यातीनं नावारूपाला आलेल्या या प्रांतात तेव्हा लोक खडी फोडून जगले आणि पुष्कळ जगले नाहीत.

टेंपल यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी आपण तेच काम हक्क म्हणून कायद्यात लिहिलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1960 च्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला. 1971 मध्ये दांडेकर आणि रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' मांडताना सार्वजनिक कामांचाच मार्ग सुचवला. मग 1972 चा दुष्काळ आला आणि कल्पनेला निकड मिळाली. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पैसा उभा करायला 1975 पासून व्यवसाय कर लावला गेला. आजही पगारदाराच्या हातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात. तो कर कशासाठी सुरू झाला, हे ज्यांचे कापले जातात त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

या हमीतही 1877 ची सावली होतीच. मजुरी बाजारापेक्षा वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे गरजू तेवढेच येतील, असा तो साधा विचार. योजना टिकली यामागं त्याचा वाटा होता हे मान्य करायला हवं. गरिबांची यादी करायला तलाठी लागला नाही, टिकाव-घमेलं हीच यादी होती. पण 1983 साली राजस्थानच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे घटनेच्या कलम 23 प्रमाणं वेठबिगार. मग 1988 साली महाराष्ट्रात शेतीचं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याला बांधलेली रोजगार हमीची मजुरीही वाढली.

पुस्तकी तर्कानुसार आता कामांवर झुंबड उडायला हवी होती. घडलं उलटं: हजेरी घसरली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची चिरफाड आहे. मजुरांची इच्छा कमी झाली नव्हती. खर्च वाढू नये म्हणून सरकारनं कामंच कमी उघडली; हमी कागदावर राहिली आणि काम रेशनसारखं वाटून मिळू लागलं. मला ही या सबंध विषयाची किल्ली वाटते. मजुरीचा कायदा किंवा अनुदानाची योजना आली की आपण लगेच मजुराची काम करायची इच्छा मोजायला बसतो. काम देणाऱ्याची इच्छा कोणी मोजत नाही, आणि ती आधी बदलते.

तिची उदाहरणं जुन्या शहरातून पूल ओलांडला की दिसू लागतात. 20 कामगार झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मग हजेरीपटावर अठरा-एकोणीसला थांबलेले कारखाने कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सापडतात, उरलेले ठेकेदाराच्या वहीत. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी हवी तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला तो कोण देणार? आज या साइटवर, उद्या त्या. दाखला देणं म्हणजे आपल्याकडे एवढे लोक होते हे कबूल करणं. भांड्यांचा संच मिळवायला जे लोक रांगेत दिसतात त्यांत विटा उचलणारे किती आणि दाखला उचलणारे किती, हा प्रश्न पुस्तकात एका मिस्तरीनंच विचारला आहे.

आणि मग येतात उत्पन्नाच्या मर्यादा. काम करावंसं वाटू नये अशी तजवीज सरकारी कागदात कुठं असेल तर ती इथं आहे. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला आता महिन्याला 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. वार्षिक. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. हंगामात 300 रुपये रोजानं 70 दिवस राबलेली विधवा या मर्यादेला जाऊन टेकते, आणि सोयाबीन सोंगणीपासून कापसापर्यंत 70 दिवस म्हणजे काहीच नाही. अर्थात ती राबतेच, आणि तहसीलचा दाखला 21,000 च्या आतलाच निघतो. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं त्या दाखल्यावर शिक्क्यासह छापलेलं असतं. गंमत म्हणजे राज्य कामगार विम्याची मर्यादाही 21,000 आहे, पण महिन्याची. एकाच शहरात एक आकडा गरीब कामगाराला दवाखाना देण्यासाठी वापरायचा आणि त्याचा बारावा हिस्सा गरीब विधवेला जगवण्यासाठी, हे कोणत्या टेबलावर ठरलं असेल?

रेशनची गोष्ट वेगळी. शहरात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला 59,000, खेड्यात 44,000. माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट आहे, आधी दोन-तीन रुपये किलो होतं. या धान्यानं लोक आळशी झाले, असं म्हणणाऱ्यानं पाच किलोत एक पोट किती दिवस चालतं ते घरी करून बघावं. पण कार्ड जाण्याची भीती खरी आहे. मुलाला पगाराची नोकरी लागली, पगार बँकेत दिसू लागला, की कार्ड जाईल. म्हणून रोखीतलं काम बरं, असं सांगणारी कुटुंबं या पानांत भेटतील. 'लाडकी बहीण'ची मर्यादा अडीच लाखांची. वेचणारी बाई तिच्या जवळपासही फिरकत नाही. तिनं जास्त कापूस वेचला म्हणून तिचा एक रुपयाही कापला जात नाही. म्हणजे ज्या योजनेवर कामचुकारपणाचा सर्वांत मोठा आरोप आहे, तिच्या नियमात काम केल्याची शिक्षा सर्वांत कमी आहे. तिच्यावर माझे दुसरे आक्षेप आहेत. निवडणुकीच्या तोंडावर पडताळणीशिवाय वाटप, मग वर्षभरानंतर ई-केवायसीची धावाधाव, आणि हजारो कोटींचा हा बोजा इतर कोणत्या खात्यांच्या अंगावर पडला, हे विचारायलाच हवं. पण ते आक्षेप तिजोरीबद्दलचे आहेत, बायांच्या कष्टाळूपणाबद्दलचे नाहीत.

जगभरातला पुरावाही याच दिशेचा आहे. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली सहा देशांतल्या सात रोख-मदत योजना तपासल्या. मदतीनं काम कमी होतं असं त्यांना पद्धतशीरपणे कुठं दिसलं नाही. त्यांत भारतातली योजना नव्हती, हेही लक्षात ठेवावं. मनरेगाबद्दल, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीबद्दल, क्लेमाँ इम्बर्ट आणि जॉन पॅप यांनी 2015 साली दाखवलं, की जिथं योजना नीट चालली तिथं बिनहंगामाच्या महिन्यांत खाजगी मजुरीही वाढली. वर्षभर काम करून मजुराला जे मागता येत नव्हतं ते दुसरा पर्याय असल्यामुळं मागता आलं. कास्तकाराला हे महाग पडलं, यात शंका नाही. पण महाग पडणं आणि माणसं बिघडणं या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो.

सरकार ती गल्लत करत नाही, हे विशेष. 2025 च्या डिसेंबरात संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 100 वरून 125 झाले आणि सोबत एक तरतूद आली: पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील. मजुराला पर्याय मिळाला की शेतीची मजुरी वर जाते, हे सरकारनं त्यात लेखी मान्य केलं आहे. मजुरीचा दर जेव्हा वर जाऊ शकतो, नेमके तेच दिवस हमीतून वगळायचे. त्याच्या महिनाभर आधी, 21 नोव्हेंबर 2025 ला, चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि किमान वेतनाचा हक्क प्रत्येक रोजगाराला लागू झाल्याचं जाहीर झालं. 1948 पासून हा कायदा यादीतल्या धंद्यांपुरता होता. आता यादी गेली. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं किमान वेतन कोण तपासेल, नगावर फॉल-बीडिंग करणारीचं कसं मोजायचं, याचं उत्तर संहितेच्या मजकुरात शोधू नये. पुस्तकाचं चौथं प्रकरण वाचावं. तिथं साडीमागं मिळणारे रुपये आणि साडीला लागणारे तास शेजारी-शेजारी मांडले आहेत.

शेवटचं प्रकरण वाचून काही वाचकांना ते विषयाबाहेरचं वाटेल. त्यात वावर नाही, रेशन नाही. त्यात जुन्या शहरातल्या अभ्यासिका आहेत: महिन्याची फी भरून मिळालेली खुर्ची, चालू घडामोडींची मासिकं, आणि पंचविशी ओलांडलेली पोरं. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. सातव्या वेतन आयोगाचा पगार आणि दालमिलमधला पगार यांत जे अंतर आहे, त्यापुढं पाच वर्षं वाट बघणं त्या पोराला शहाणपणाचंच वाटतं, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. वेतनाच्या धोरणानं जिल्ह्यातले सर्वांत जास्त धडधाकट हात कुठं कामाबाहेर बसवले असतील तर ते या खुर्च्यांवर. त्यांचा खर्च कोण भागवतो, हे संकलकांनी प्रत्येकाला विचारलं आहे. बहुतेकांनी वडिलांचं नाव घेतलं. खोदून विचारल्यावर पाचशे-हजाराचा एक हप्ता आईच्या पंधराशेतून येतो असं निघालं, आणि उरलेला ती ज्या वेचणीला जाते तिथून.